फिल्टर कोणता टाकू, भो?

जळगावात सोनं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तासाभरात मोकळं होतं. पेढीवर बसायचं, पाणी प्यायचं, भाव विचारायचा, "मजुरीत जरा बघा" असं एकदा म्हणायचं, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहायचं आणि पैसे मोजायचे. लाखाचा व्यवहार उरकून माणूस दुपारच्या वरण-बट्टीला घरी हजर असतो. तोच माणूस मोटारसायकलचा ऑइल फिल्टर घ्यायला निघाला की पंधरवडा गेलाच म्हणून समजावं. शंभराच्या नोटेच्या मागेपुढे किंमत असलेली ती कागदी घड्यांची पुंगळी. पण तिच्यापायी तो चार दुकानांच्या पायऱ्या झिजवतो, दोन मिस्तरींना चहा पाजतो, सुरतच्या साडूला फोन लावतो, फोनवर साडू "इकडे वेगळाच मिळतो" म्हणाला की आणखी घाबरतो आणि शेवटी पहिल्या दुकानात जाऊन पहिल्यांदा दाखवलेलाच फिल्टर घेतो. धुळ्यात हेच सगळं आग्रा रोडवर सुरू होऊन पारोळा रोडवर संपतं, एवढाच फरक. चिकित्सा हा गुण असेल तर या दोन शहरांचा सत्कारच व्हायला हवा. मात्र ही चिकित्सा नेमकी कशाची चालते, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. माझं म्हणणं असं, की या सगळ्या खटाटोपात फिल्टर कुणी निवडतच नाही. उद्या इंजिन बसलं तर खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं, ते डोकं निवडण्याचं काम चाललेलं असतं.

हे म्हणणं सिद्ध करायचं तर आधी त्या पुंगळीची बाजू ऐकून घेतली पाहिजे. इंजिनात तळाशी ऑइल असतं, पंप ते खेचतो, फिल्टरमधून ढकलतो आणि मग क्रँकला, पिस्टनला, वरच्या डोक्याला पाजतो. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच हे तिघं एकाच ऑइलमध्ये नांदतात, एकत्र कुटुंबात. त्यामुळे क्लचच्या पट्ट्यांचा भुगा, गिअरच्या दातांचा कीस, जळालेल्या पेट्रोलची काजळी हे सगळं त्या एका ऑइलमध्ये उतरतं. फिल्टरच्या घडीदार कागदाने वीस-तीस मायक्रॉनचे कण धरावेत अशी अपेक्षा असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. म्हणजे फिल्टर चांगलं काम करतोय की वाईट, हे बघायला जो डोळा लागतो तो देवाने कुठल्याच गिऱ्हाइकाला दिलेला नाही, आणि दुकानदारालाही नाही. त्यात आणखी एक गंमत अशी, की फिल्टर तुंबला तर इंजिन उपाशी मरू नये म्हणून पुष्कळ इंजिनांत एक छोटी झडप ठेवलेली असते. फिल्टर गच्च भरला की ती उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. म्हणजे फिल्टर आपलं काम सोडून बसला तरी गाडी चालूच राहते. आवाज नाही, धूर नाही, तक्रार नाही. नोकरीत अशी माणसं पेन्शनपर्यंत पोचतात. ज्या वस्तूचं यश दिसत नाही आणि अपयशही वर्षानुवर्षं दिसत नाही, तिची पारख करायची कशी? सोन्याला कसोटीचा दगड असतो. 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा झाला आणि 2023 पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा आपला स्वतंत्र क्रमांकही सक्तीचा झाला. लाखाच्या वस्तूला सरकार जामीन आहे. शंभराच्या वस्तूला फक्त दुकानदाराची जीभ.

तरीही माणूस पारख सोडत नाही, आणि इथून खरा रंग भरतो. फिल्टर हातात आला की पहिली परीक्षा वजनाची. तळहातावर वरखाली करून "हलका लागतो" असा निकाल दिला जातो. कशापेक्षा हलका, हे विचारायचं नसतं. दुसरी परीक्षा घड्यांची. नखाने एकेक घडी बाजूला सारत मोजणी होते, मध्येच कुणी गाडीचा आरसा कुठे मिळेल म्हणून विचारतो आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. तिसरी परीक्षा उजेडाची. पुंगळी डोळ्याला लावून माणूस ट्यूबलाइटकडे पाहतो. आत काय दिसलं पाहिजे याची कल्पना त्याला नसते, पण काहीतरी दिसल्यासारखी मान तो हलवतो. चौथी परीक्षा फुंकरीची, आणि ही मात्र मुळातून अभ्यासण्यासारखी आहे. एका टोकाला तोंड लावून फुंकायचं. हवा सहज आरपार गेली तर एक पक्ष म्हणतो, "बघा, मोकळा आहे, ऑइल छान जाईल." दुसरा पक्ष म्हणतो, "एवढा मोकळा असेल तर कचरा काय धरणार, कपाळ?" हवा अडली तर हेच दोन्ही पक्ष जागा बदलून घेतात. एकाच फुंकरीने फिल्टर पासही होतो आणि नापासही होतो, आणि दुकानदार मधोमध उभा राहून दोघांनाही "बरोबर आहे" म्हणतो, कारण त्याला दोघांनाही विकायचा असतो. मग निर्वाणीचा सवाल येतो.

"ओरिजनल आहे ना?"

"कंपनीनाच शे, भो."

"मग तो पलीकडचा निम्म्या भावात देतोय तो?"

"तो बी कंपनीनाच शे. कंपनी येगळी शे."

या उत्तरात खोटं काही नाही. गिऱ्हाइकाचं समाधान होतं ते मात्र उत्तरातल्या माहितीने होत नाही, ते होतं "भो" या शब्दाने. तो शब्द उच्चारला गेला की नातं जुळलं, आणि नातं जुळलं की उद्या येऊन भांडायला जागा झाली. पावती कुणी मागत नाही. पावती मागणं म्हणजे भोवर अविश्वास दाखवणं.

आता माझ्या म्हणण्याला पहिला आणि सगळ्यांत मोठा आधार देणारी गोष्ट सांगतो. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर एखाद्या संध्याकाळी उभं राहिलं, तर डोळ्यांसमोरून जी मोटारसायकल सर्वांत जास्त वेळा जाईल तिला हा फिल्टर मुळात नसतोच. हिरो होंडाची स्प्लेंडर 1994 मध्ये आली. होंडाशी काडीमोड झाला, नावातून होंडा गेली, पण गाडी राहिली आणि खान्देशात ती गाडी न राहता घरातली व्यक्ती झाली. रावेर-यावलकडे ती केळीचे घड वाहते, पहाटे दुधाचे कॅन वाहते, दुपारी शाळेची पोरं वाहते आणि लग्नसराईत नवरदेवाचे तीन मित्र वाहते. तिच्या पोटात बदलायचा कागदी फिल्टर नाही. ऑइल खेचलं जातं तिथे तळाशी एक बारीक जाळी, आणि क्रँकच्या उजव्या टोकाला इंजिनाबरोबर गरगर फिरणारी एक वाटी. डेअरीतलं यंत्र दूध फिरवून साय वेगळी काढतं, तसं ही वाटी ऑइल फिरवून जड कचरा कडेला फेकते आणि तो तिथे काळ्या लोण्यासारखा चिकटून बसतो. ते लोणी अधूनमधून खरवडायचं असतं, जाळी धुवायची असते. त्यासाठी इंजिनाचं उजवं झाकण उघडावं लागतं, पॅकिंग नवं टाकावं लागतं, वेळ जातो, म्हणून ते कुणी उघडत नाही. पण बदलायचा फिल्टर नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायचं कुणी? स्प्लेंडरवाला दुकानात येऊन ऐटीत "ऑइल फिल्टर द्या, चांगल्यातला" म्हणतो. प्रामाणिक दुकानदार "तुझ्या गाडीला नसतो रे" म्हणतो आणि गिऱ्हाईक गमावतो, कारण फिल्टर नसलेली गाडी आपण इतकी वर्षं चालवतोय हे मान्य करण्यापेक्षा "या दुकानात माल नाही" हे मान्य करणं माणसाला सोपं जातं. तो पुढच्या दुकानात जातो. तिथला व्यवहारी असतो. तो एअर फिल्टर काढून देतो. गिऱ्हाईक त्याच्याही घड्या मोजतं. आणि सर्व्हिसिंगच्या बिलावर फॉर्क ऑइल, ग्रीस, कॉटन वेस्ट यांच्या रांगेत "ऑइल फिल्टर" अशी ओळ, पुढे रक्कम, अशी स्प्लेंडरची बिलंही या जगात असतात. ती बिनतक्रार भरलीही जातात, कारण त्या ओळीने मनाला बरं वाटतं. फिल्टर निवडण्यात फिल्टरचा संबंध किती थोडा असतो, याचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही. नसलेल्या फिल्टरचीही निवड होते, भाव होतो, आणि कुणाचा चांगला यावर चहाच्या टपरीवर दुमतही होतं.

यावर जुनी माणसं एक आक्षेप हटकून घेतात. "आमच्या राजदूतला कुठे होता फिल्टर? येझदीला कुठे होता? वीस वर्षं चालल्या गाड्या. हे फिल्टर-बिल्टर कंपन्यांचे धंदे आहेत." आक्षेप वजनदार आहे, कारण तो घेणारा बहुधा वयाने वडील असतो. पण राजदूत आणि येझदी टू-स्ट्रोक. त्यांच्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, ते आपलं काम करता करता जळून सायलेन्सरमधून निळ्या धुराने बाहेर जायचं. गाळायला मागे काही उरायचंच नाही. गिअरचं ऑइल वेगळं, त्याचा संसार वेगळा. जे ऑइल एकदा वापरून फुंकून टाकलं जातं त्याला फिल्टर मागणं म्हणजे विडी ओढून झाल्यावर थोटूक धुऊन ठेवण्यासारखं आहे. पुढे 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली, फोर-स्ट्रोक. तेच ते ऑइल महिनोन्‌महिने फिरू लागलं. त्या गाडीची जाहिरात अशी होती, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. आपल्या लोकांनी हा उपदेश पेट्रोलपुरता न ठेवता ऑइललाही लावला, आणि तिथून मिस्तरींचे सुगीचे दिवस आले. राहिला मुद्दा "वीस वर्षं चालल्या" हा. ज्या चालल्या त्यांचे मालक अजून टपरीवर बसून सांगतात. ज्यांची इंजिनं चौथ्या वर्षी बसली त्या भंगारात गेल्या, आणि भंगारातून साक्षीला कुणी येत नाही.

बुलेटवाले या वादात वेगळ्या पंगतीला बसतात आणि त्यांना तसंच आवडतं. जुन्या बीडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये नमद्याचा फिल्टर असायचा, तो रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा बसवायची चाल होती. 2009 नंतरच्या नव्या इंजिनात कागदी फिल्टर आला, पण हात जुनेच राहिले. त्यामुळे कागदी फिल्टरही पेट्रोलमध्ये बुचकळून, कॉम्प्रेसरच्या हवेने झटकून "नव्यासारखा" करून देणारे कलाकार आजही सापडतात. कागदाच्या छिद्रांत रुतलेला कचरा असा निघत नाही. निघतो तो कागदाचा चिकटवलेला सांधा. मग सगळं ऑइल त्या फटीतून न गाळता जातं, इंजिनाला ते एकदम मोकळं मोकळं वाटतं, आणि मालक म्हणतो, "बघा, धुतल्यापासून पिकअप वाढला!"

दुसरा आक्षेप शहाण्यांचा आहे. ते म्हणतात, "एवढं पुराण कशाला? कंपनीच्या पुस्तकात पार्ट नंबर दिलेला आहे, शोरूममधून तोच घ्यावा, विषय संपला." विषय खरोखरच संपला असता. पण हा सल्ला खान्देशात कुणी पाळत नाही, कारण तो कुणालाही मिळू शकतो. जो सल्ला छापील पुस्तकात आहे त्यात आपली ओळख कुठे दिसली? इथे मान आहे तो "आतून" आलेल्या मालाला. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 चा, म्हणजे अजिंठ्याचा घाट उतरून येणाऱ्या आतल्या मालाच्या बातम्यांना चार दशकांची परंपरा आहे. प्रत्येक गल्लीत एकाचा तरी चुलत मेहुणा वाळूजला असतो. तो नेमका काय करतो हे सांगता येत नाही, पण "तो आतून काढून देतो." पल्सर 2001 मध्ये आली तेव्हापासून ज्या संख्येने तिचे फिल्टर या मेहुण्यांनी आतून काढले म्हणून सांगतात, ती खरी मानली तर कारखान्यात गाड्यांना बसवायला एकही उरला नसता. शिवाय यातली मूळ गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. मोटारसायकलच्या कंपन्या फिल्टरचा कागद स्वतः घड्या घालत बसत नाहीत. फिल्टर करणारे कारखाने वेगळे असतात. ते गाडीच्या कंपनीला माल देतात आणि पुष्कळदा आपल्या नावाच्या खोक्यात घालून बाजारातही विकतात. म्हणजे कंपनीचा ओरिजनल आणि शेजारच्या खोक्यातला नामवंत माल हे सख्खे भाऊ असू शकतात. एकाने सूट घातलाय, दुसऱ्याने सदरा. बनावट हा तिसराच प्राणी. तो सख्ख्या भावाचा सूट भाड्याने आणून घालतो. होलोग्राम चकचकीत, किमतीचं लेबल जागच्या जागी, छपाई एवढी सुबक की अस्सल खोक्याला लाज वाटावी. आणि गिऱ्हाईक पाहतं ते खोकंच. घड्या मोजून झाल्यावर, फुंकर मारून झाल्यावर, शेवटचा निकाल खोक्याच्या चकाकीवर लागतो. सोन्याच्या बाबतीत डबी बघून दागिना घेणारा माणूस जळगावात शोधूनही सापडायचा नाही.

खान्देशाला विश्वासाने वस्तू घेण्याची रीत माहीत नाही असंही कुणी म्हणू नये. 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली, आणि ते शेअर विसरून पेटीत ठेवलेली अमळनेरची साधी माणसं मोठी श्रीमंत झाली. तिथे कुणी शेअर सर्टिफिकेटला फुंकर मारून पाहिली नव्हती. तेलाच्या गिरणीतून सॉफ्टवेअरपर्यंत पोचलेल्या मुलखात मोटारसायकलच्या तेलाबद्दल मात्र दोन माणसांचं एकमत होऊ नये, याचं कारण उघड आहे. शेअर बुडाला तर नशिबाला बोल लावता येतो. इंजिन बसलं तर नशीब कुठल्या दुकानात बसतं ते ठाऊक नसतं.

फिल्टर घेऊन झाला की खापराचं डोकं दुकानदाराकडून मिस्तरीकडे सरकतं. हा प्रसंग बघण्यासारखा असतो. गाडी स्टँडवर, खाली कापलेला पत्र्याचा डबा. मिस्तरी सतराचा पाना लावून खालचा नट सैल करतो, शेवटचे दोन आटे बोटांनी फिरवतो आणि ऑइलची काळी धार पडायला लागली की बोट धारेत घालतो. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळत तो लांब कुठेतरी पाहतो. आजूबाजूला शांतता. "संपलं," तो म्हणतो. मालकाचा चेहरा पडतो. वास्तविक ऑइल काळं होणं हा त्याचा गुन्हा नाही. काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवावी म्हणूनच त्यात साबणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. काळं न पडणारं ऑइल कचरा इंजिनातच ठेवून आलेलं असतं. पण बोटं चोळून "अजून महिनाभर चालेल" म्हणणारा मिस्तरी कुणाला आवडेल? त्यात ज्ञान दिसत नाही. जुना फिल्टर बाहेर निघतो, त्याच्यावर सगळे वाकतात, कुणीतरी "बापरे" म्हणतो. फिल्टरमध्ये कचरा अडकलेला पाहून धक्का बसणं हा प्रकार मला कधी उलगडलेला नाही. तो त्यासाठीच तर आत घातला होता. नवा बसवताना मात्र, जिथे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं, तिथे सगळ्यांची नजर चहाच्या पोराकडे. काही गाड्यांत पुंगळीला उलटी-सुलटी बाजू असते, मागे स्प्रिंग असते, रबराची रिंग असते. पंधरवडाभर निवडलेला अस्सल फिल्टर उलटा बसला, किंवा जुनीच चपटी झालेली रिंग परत लागली, की सगळी चिकित्सा त्या दोन मिनिटांत पाण्यात. आणि खालचा नट. तो "गच्च" झालाच पाहिजे, म्हणून पान्यावर पाईप चढवून आवळला जातो. ॲल्युमिनियमच्या इंजिनात आटे मऊ. ते झिजले की ऑइल थेंबथेंब गळायला लागतं. मालक दुकानदाराला जाऊन म्हणतो, "तुझा फिल्टर डुप्लिकेट निघाला."

तिसरा आक्षेप भावनेचा आहे. "गाडी लाखाची. तिच्यासाठी चार दिवस फिरलो तर बिघडलं काय? काळजी आहे म्हणून तर फिरतो." काळजी खरी असती तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. पण जळगाव-धुळे रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा खरा वैरी कोण, ते बघा. फागणे ते तरसोद चौपदरीकरण किती वर्षं रेंगाळलं ते त्या रस्त्याने जाणाऱ्याच्या भुवयांना विचारावं. धुळ्याहून एरंडोलला निघालेला माणूस पारोळ्यापर्यंत म्हातारा दिसायला लागायचा. ती धूळ ऑइलच्या फिल्टरकडे थेट जात नाही. ती जाते हवेच्या फिल्टरकडे, सीटखाली किंवा बाजूच्या पत्र्याआड असलेल्या खोक्यात. तो फिल्टर तुंबला की गाडी पेट्रोल जास्त पिते. तो फाटला की धूळ सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये, मग पुंगळी अस्सल असो की नक्कल. हा फिल्टर बघायला पैसा लागत नाही, नुसता स्क्रू-ड्रायव्हर लागतो, आणि तो किती मळला आहे हे डोळ्याला चक्क दिसतं. म्हणूनच त्याच्याकडे कुणी बघत नसावं. ज्या वस्तूचा निकाल स्वतःच्या डोळ्याने लागतो तिथे सल्लागार कशाला? सल्लागार नाही म्हणजे चहा नाही, चर्चा नाही, सुरतला फोन नाही. आणि खापर फोडायला आरशातल्या माणसाखेरीज दुसरं डोकं नाही. या सगळ्या आकर्षणांवाचून एअर फिल्टर बिचारा पत्र्याआड काळवंडत बसतो.

तेव्हा "मग कोणता टाकू?" या प्रश्नाला कंटाळवाणं उत्तर असं आहे. आधी पुस्तक उघडून आपल्या गाडीला फिल्टर आहे की जाळी, ते बघावं. फिल्टर असेल तर बरोबर नंबरचा, कुठल्याही नावाजलेल्या कारखान्याचा, पावती देणाऱ्याकडून घ्यावा, नव्या रिंगसकट सुलटा बसवावा आणि वेळेवर बदलावा. जाळी असेल तर मिस्तरीला उजवं झाकण उघडायला लावून तिथेच उभं राहावं. 1923 च्या सुमारास अमेरिकेत स्वीटलँड आणि ग्रीनहॉल या जोडीने मोटारीच्या ऑइलला फिल्टर लावायची युक्ती काढली, तेव्हापासून या शहाणपणात भर अशी फारशी पडलेली नाही. हे उत्तर कुणालाही पटवून देता येतं, पण ते आवडून घेणं कुणाच्याच हातात नाही. ऐकणारा मान डोलावतो, दोन क्षण गप्प बसतो आणि मग खालच्या आवाजात विचारतो, "ते ठीक आहे, पण ऑइल कोणतं? पुस्तकात टेन डब्ल्यू थर्टी लिहिलंय. मिस्तरी म्हणतो, आपल्याकडं मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री, पातळ ऑइल टिकणार नाही, ट्वेंटी डब्ल्यू फोर्टीच टाक." आतलं ऑइल बाराही महिने शंभर डिग्रीच्या घरात तापतं, त्याला जळगावचा मे आणि नंदुरबारचा जानेवारी यांतलं अंतर मिस्तरीला वाटतं तेवढं जाणवत नाही, हे त्याला सांगून पाहायला हरकत नाही. पण तोवर टपरीवरच्या दुसऱ्या माणसाने तोंड उघडलेलं असतं, त्याचा मेहुणा ऑइलच्या कंपनीत असतो, आणि आतून काढून देतो.